साठ टक्के

बोर्डावर कन्नड साठ टक्के पाहिजे.
भरमू हुंदरे फूटपट्टी लावून मोजतो.
वर कन्नड, खाली उरेल त्यात
मालकाचं मराठी, मालकिणीच्या हौसेचं इंग्रजी,
आणि कोपऱ्यात, तांदळाएवढ्या अक्षरांत,
स्वतःचा मोबाइल नंबर.

रात्री तोच भरमू आमच्या गादी कारखान्यात यायचा
आणि काही म्हणता काही मोजायचा नाही.

सगळ्या शहापुरात आमच्याइतकी गप्प जागा नव्हती.
तीन भिंतींना आढ्यापर्यंत कापूस,
बोललेलं आत मुरतं, परत येत नाही.
'रियाज, स्टुडिओ म्हणजे हेच की रे,' भरमू म्हणाला,
'पुण्यात याचेच तासाला आठशे घेतात.'
माइक हुबळीहून आणलेला, जुना.
थुंकी उडू नये म्हणून त्याला
अम्मीच्या ओढणीचा तुकडा.

शब्द होते, बीट नव्हतं.
बैलहोंगलचा बसू, लॅपटॉप मांडीवर घेऊन,
अमेरिकेच्या दक्षिणेतले ढोल लावून बघत होता,
जड, रेंगाळत चालणारे,
उसाच्या भरल्या गाडीसारखे.
'आम्हीबी दक्षिणच की,' भरमू म्हणाला.
पण बसेना. परक्याची चप्पल घातल्यासारखं.

मग अब्बांनी खिळ्यावरची धनुकली काढली,
मशीन आल्यापासून वीस वर्षं टांगलेली.
तात झटकली.
धुंईं... टक्.
धुंईं... टक्.
बसूनं मान वर केली.
'इन्नोम्मे, काका.'
अजून एकदा.

ते गाणं पेन ड्राइव्हवर भरून
आम्ही स्कूटरच्या डिकीतून विकलं.
तिसऱ्या रेल्वे गेटजवळ. गेट पडलं की
गिऱ्हाइकाला पळता येत नाही.
पॅसेंजर असली तर चार-पाच जायचे,
मालगाडी असली तर बारा.
ऑनलाइनचे पहिल्या महिन्यात एक्केचाळीस रुपये.

पुण्याचा फोन आला:
आवाज भारी आहे, मराठी तेवढं स्वच्छ करा.
बंगळूरचा आला:
पूर्ण कन्नडमध्ये करा, पोस्टर आम्ही छापतो.
भरमू दोघांना म्हणाला, 'बघूया की,'
आणि ब्रश रॉकेलात बुडवला.
आमच्याकडं 'बघूया की' म्हणजे नाही.

त्या डिसेंबरात कोल्हापूरला कॉलेजचा शो,
साडेतीन हजार ठरलेले.
इथं अधिवेशन, कुणीतरी कुणाच्या गाडीला काळं फासलेलं,
बस कोगनोळी नाक्यावर बंद.
स्पीकर दोघांत धरून चालत निघालो.
अलीकडच्या पोलिसानं कन्नडमध्ये विचारलं,
पलीकडच्यानं मराठीत,
यात काय आहे, उघड.
दोनदा उघडला.
दोन्ही वेळा आमचाच कापूस निघाला.

परत आलो तर खडेबाजारात
त्याच्या अकरा बोर्डांवर डांबर.
मालकांनी त्यालाच बोलावलं,
काळ्याखाली कुठलं अक्षर कुठं बसलंय
ते दुसऱ्या कुणाला ठाऊक?
शिडी लावली, फूटपट्टी काढली,
पैसे पुरे घेतले.
दुसऱ्या गाण्याचं भांडवल ते.

आता त्याला हुबळीत ओळखतात,
कोल्हापुरात पोरं त्याच्या ओळी
त्याच्याआधी म्हणतात.
बोर्ड अजून रंगवतो. भाडं द्यावं लागतं.

अब्बा जाऊन दोन उन्हाळे झाले.
पहिल्या गाण्यात, दोन मिनिटं सतरा सेकंदांवर,
त्यांचा खोकला आहे.
बसू पुसायला निघाला होता,
भरमूनं हात धरला.
दर महिन्याला तो येतो,
गाद्यांच्या ढिगावर टेकतो,
आणि इथं मात्र नीट मोजून देतो,
वाजवणाऱ्याचा वाटा.
या वेळी एकशे सहा रुपये.
अम्मी ते सुईच्या डब्यात टाकते,
विचारते, जेवून जातोस काय रे?

'बघूया की,' म्हणतो,
आणि हात धुवायला उठतो.